मारुतीच्या गुडघ्याइतकं पाणी

पाण्याला आपली वाट ठाऊक असते. माणसाने ती फक्त नम्रपणे विचारून घ्यायची असते. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणतो आणि म्हणून झाल्यावर खिडकीबाहेर बघतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात. खिडकीबाहेर मंचरचा हमरस्ता दिसतो. त्यावर कांद्याबटाट्याच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या असतात, आणि तिथे पाण्यालाच काय, कोणालाच आपली वाट ठाऊक असल्याचं दिसत नाही. मी स्वतः पाण्याला आजवर काहीही विचारलेलं नाही. मी विचारतो कॉम्प्युटरला, आणि तो उलट मलाच विचारतो.

भूगोल शिकवता शिकवता नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी वाहतं करायचा नाद मला लागला. ऐकणाऱ्याला वाटतो तितका तो गूढ नाही. उपग्रहाने मोजलेली जमीन घ्यायची, बुद्धिबळाच्या पटासारखे तिचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला त्याची उंची द्यायची. मग कुठल्याही चौकोनात पाणी ओतलं की ते आठ शेजाऱ्यांपैकी जो सगळ्यात खाली असेल त्याच्या अंगावर जातं. एवढंच शास्त्र. कोणत्याही गावात पाच वर्षं राहिलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

अडचण येते ती जमिनीची. आमच्या जुन्नर-आंबेगावात नुसती जमीन फारशी उरलेली नाही. जिथे बघावं तिथे शेततळं आहे. सॉफ्टवेअरच्या मते शेततळं म्हणजे असा खड्डा, ज्यात पाणी जातं पण त्यातून बाहेर येत नाही. शेततळ्याच्या मालकाचंही हेच मत असतं. पण सॉफ्टवेअरला खड्डे खपत नाहीत, ते बुजवायची एक आज्ञा त्यात तयार असते. मी ती दिली आणि दोन तालुक्यांतली सगळी शेततळी एका दमात बुजवून टाकली. ही गोष्ट मी राजुरीच्या बाजूला, जिथे वावरागणिक शेततळं आहे, अजून कोणाला सांगितलेली नाही. पुढे रस्त्यांनी घोळ घातला. रस्त्याखालची मोरी आकाशातून दिसत नाही, दिसतो तो फक्त भराव. त्यामुळे माझ्या नकाशात प्रत्येक रस्ता धरण झाला आणि पाणी त्याच्यामागे अडून बसलं, मंचरच्या चौकात एसटी अडते तसं. मग एकेक मोरी बघून रस्ता हाताने कापायचा. या कामात माझी एक उन्हाळ्याची सुट्टी गेली आणि घरात मी तसाही फारसा उपयोगी नसतो, याची सगळ्यांना खात्री पटली.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास एका गावच्या सरपंचांचा निरोप आला. गाव ओझर आणि राजुरीच्या मध्ये कुठेतरी आहे, इतकं सांगितलं तरी पुरे. गावातून एक ओढा जातो. उन्हाळ्यात त्याच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात थोडी जपून खेळतात. कुठल्याशा बैठकीत एका साहेबांनी ‘प्रत्येक गावाचा आपला पूर-नकाशा हवा’ असं म्हटलं होतं आणि शेजारच्या गावाने तो करूनही टाकला होता. सरपंचांना आता त्याहून मोठा हवा होता. मी गेलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लोखंडी चौकट बसलेलीसुद्धा होती. फ्लेक्सचा नमुना त्यांनी मला मोबाइलवर दाखवला. वरच्या बाजूला मान्यवरांचे फोटो, खालच्या बाजूला शुभेच्छुकांचे फोटो, आणि मधल्या पट्ट्यात लिहिलं होतं: ‘येथे नकाशा’.

“बसंल ना?” सरपंचांनी विचारलं. मी म्हटलं, ओढा लांबट आहे, बसेल.

तेव्हा मला हे सगळं एक हौसेचं काम वाटलं होतं. ते तसं नाही, हे त्याच दिवशी कळलं. ग्रामपंचायतीच्या पायरीवर एक बाई बसून होत्या. साठीच्या आसपासच्या, डोक्यावरून पदर, हातात काठी. त्यांच्या घरची पूर्वी पुष्कळ मेंढरं होती, कोकणात उतरून परत येणारी. आता शेती आहे आणि हौसेपुरत्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या मते डोक्याला तापापुरत्या, काही मेंढ्या आहेत. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं. ओढ्याच्या कडेला मावशींच्या घराचं जोतं बांधून तयार होतं आणि त्यावर घर मात्र नव्हतं. ग्रामसेवकांचं म्हणणं, पूर-नकाशा येऊ द्या, मग परवानगी. इकडे मुलाचं लग्न ठरत आलेलं. मुलीकडच्यांनी जोतं पाहिलं होतं, त्यांना ते आवडलंही होतं. पण जोत्याला कोणी मुलगी देत नाही. ते लोक येत्या दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते. त्यापुढे त्यांच्यासमोर नारायणगावचं एक स्थळ होतं आणि त्या स्थळाला स्लॅब होता.

मावशींनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तुमीच का पाणी सोडणारं सर? जरा बेतानं सोडा.”

आता पाणी बेताने सोडायचं म्हणजे किती, हाच या धंद्यातला खरा प्रश्न. ओढ्यात किती पाणी ओतायचं ते मी ठरवणार, मग त्याने भिजवलेली जमीन निळी होणार. पण ओतलेलं पाणी खरं की मनचं, हे कशावरून समजायचं? त्यासाठी पूर्वी येऊन गेलेल्या पुराची एखादी खूण लागते. कुठे भिंतीवर डाग, कुठे झाडाला अडकलेला पाचोळा. पाणी त्या खुणेपर्यंत येईतो सॉफ्टवेअरमधले आकडे हलवत राहायचं. खूण बरोबर, तर नकाशा बरोबर.

म्हणून मी मारुतीच्या देवळापाशी जाऊन म्हाताऱ्या मंडळींना विचारलं. देऊळ चौकाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या तोंडाशी आहे. या गावात कशावर एकमत होत नाही. जत्रेतल्या कुस्त्यांची वेळ, पाण्याची पाळी, एसटीचा थांबा, सगळ्याला दोन बाजू. पण पुराचं विचारल्यावर देवळाशेजारच्या बारवेच्या कट्ट्यावरच्या झाडून सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. मोठा पूर आला तेव्हा पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं होतं. चौकात ज्यांचं गादीचं दुकान आहे त्या चाचांना विचारलं. त्यांचे वडील तेव्हा तिथेच कापूस पिंजत होते. चाचा म्हणाले, गुडघाच. वाटेत भेटलेल्या एका आजींनी न विचारता सांगितलं, गुडघा. मला गहिवरून आलं. सगळे मोठे संशोधक आयुष्यभर ज्याला तरसतात ती खूण इथे शेंदूर लावून उभी होती.

गुडघा मोजणं सोपं गेलं नाही. पुजाऱ्यांनी मला चपला काढायला लावल्या, त्यात काही गैर नव्हतं. पण उंची मोजायची पट्टीही देवाला टेकवायची नाही म्हणाले, म्हणून ती नारळाएवढ्या अंतरावर धरली. मग शेंदराच्या थरांखाली गुडघा नेमका कुठे, यावर वाद झाला. एक जण म्हणाला ती मांडी आहे. दुसऱ्याने स्वतःचं धोतर वर करून गुडघा आणि मांडी यांतला फरक सगळ्यांना दाखवला. अखेर पुजाऱ्यांनी बोट दाखवलं आणि मी आकडा लिहून घेतला. चौथऱ्याला नव्या फरश्या होत्या, त्यावर माझे पाय छान गार पडले होते, हेही मला आठवतं. त्यापलीकडे त्या चौथऱ्याचा मी काही विचार केला नाही.

घरी येऊन पाणी ओतलं. गुडघ्यापर्यंत पोहोचेना. आणखी ओतलं. सॉफ्टवेअर हे अत्यंत आज्ञाधारक असतं; तुम्ही चुकलात असं ते कधी म्हणत नाही, नुसतं ओतत राहतं. शेवटी पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा चौकात कंबरभर पाणी होतं, शाळा निळी होती, मशीद निळी होती, चाचांचं दुकान निळं होतं, खुद्द ग्रामपंचायत निळी होती. मावशींच्या जोत्यावरून तर माणूस पोहत गेला असता.

नकाशा घेऊन गेलो. गावाला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. गावाला वाटला तो अभिमान. शेजारच्या गावाचा पूर म्हणजे चार वावरं आणि एक म्हसोबा. इथे अर्धं गाव गेलं होतं. सरपंचांनी निळा रंग आणखी गडद होईल का ते विचारलं. ग्रामपंचायतीची इमारत तेवढी थोडी सरकवून कोरड्यात घेता येईल का, हेही विचारलं. चाचांनी नकाशावर आपलं दुकान शोधून काढलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “राव, एवढं पाणी असंल तर गाद्या कशाला, व्हड्याच शिवतो मी.”

ग्रामसेवक सज्जन माणूस. त्यांना पाण्यातलं काही कळत नव्हतं, पण रंगातलं कळत होतं. जोतं निळ्यात म्हटल्यावर त्यांनी परवानगी थांबवली.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्या गावात गेलो, तेव्हा मावशी कुठूनतरी मेंढ्यांसह उगवायच्या. ऐन वैशाख, ओढ्यात चिमणीला प्यायला थेंब नाही, आणि त्या पात्राच्या मधोमध उभ्या राहून मला विचारायच्या, “उतरलं का हो पाणी?” मी म्हणायचो, अजून नाही. त्या मान हलवायच्या आणि मेंढ्यांना म्हणायच्या, चला गं, सर पोहायला आल्यात. मुलगा मात्र माझ्याशी बोलत नसे. तो पलीकडच्या बांधावर उभा राहून जोत्याकडे बघत असे, आणि ते मावशींच्या टोमण्यांपेक्षा जड जायचं.

मला शंका येऊ लागली ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून. पुराच्या दिवशी तुम्ही कुठे होतात, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, चौकातच उभं राहून बघत होतो. माझ्या नकाशात चौकात कंबरेइतकं पाणी आणि त्याला ओढ होती. मी म्हटलं, पाण्यात उभे होतात? ते म्हणाले, छे, पाणी कशाला, चौक कोरडा होता. देवाच्या गुडघ्याला लागलं आणि तिथूनच परत फिरलं. म्हणजे पाण्याने पाया पडून रजा घेतली होती. कोणाला यात काही अडचण दिसत नव्हती. देऊळ आणि चौक यांत पंधरा पावलांचं अंतर, एकीकडे देवाचा गुडघा बुडालेला, दुसरीकडे माणसांच्या चपला कोरड्या. पण देव मध्ये आहे म्हटल्यावर हिशेब जुळतो. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीचा थर होता, पिकांचा होता, घरांचा होता. भक्तीचा थर घालायची सोय नव्हती.

मी सरपंचांना सांगितलं की थोडं थांबू, काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, फ्लेक्स छापून आलाय.

तर अनावरणाचा कार्यक्रम झाला. देवळासमोर मांडव, सतरंज्या, फ्लेक्सवर जरीचा पडदा. सत्कार सुरू झाले. ज्याने सत्कार केला त्याचाही पुढे सत्कार झाला. शाल माझ्याही वाट्याला आली. मे महिन्यात शाल पांघरून बसलेला माणूस पुराविषयी काही सांगतोय, हे दृश्य मी बाहेरून बघू शकलो नाही याची खंत आहे. मावशी बायकांच्या पुढच्या रांगेत कडेला बसल्या होत्या. पलीकडे पुरुषांत मुलगा, आणि त्याच्या शेजारी दोन पाहुणे. ते मुलीकडचे होते. घर कधी उभं राहतंय याचा कानोसा घ्यायला आलेले, आणि आता पडद्याआडचा पूर त्यांच्या समोर उघडणार होता.

तेवढ्यात माजी सरपंचांनी माइक मागितला. आजी आणि माजी सरपंचांचं एकमेकांशी काय नातं असतं ते सर्वांना माहीत आहे. पण भर मांडवात नाही म्हणता येत नाही. माजी सरपंच उभे राहिले आणि नकाशाबद्दल एक वाक्य बोलून आपल्या कारकिर्दीकडे वळले. बस थांब्याचं शेड कोणी केलं, पाइपलाइन कोणी आणली, स्मशानाचा रस्ता कोणी केला. लोक शांतपणे ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. मग त्यांनी देवळाकडे हात केला.

“आन् ह्यो मारुतीराया. जमिनीला व्हता देव. त्याला छातीइतका वर कुणी घेतला? एवढा चौथरा कुणी बांधला?”

मी शालीतून हात बाहेर काढला. वर्गात मुलं करतात तसा वर केला, कारण दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, दादा, देव वर घेतला तो पुराच्या आधी की नंतर?

माजी सरपंचांना प्रश्न आवडला. त्यांना वाटलं मी त्यांच्या कामात रस घेतोय. “नंतर की. पूर आला म्हनून तर घेतला. परत देवाला पाणी नको लागाया.”

कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांकडे मी पाहिलं. त्यांच्यातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं; चौथऱ्यासाठी त्यांनी स्वतः दगड वाहिले होते. आणि त्यांच्यापैकी एकही खोटं बोलला नव्हता. पाणी गुडघ्यालाच लागलं होतं. पण देव हा काही भिंतीवरचा डाग नव्हे, की पूर्वी इथे होता आणि आता तिथे आहे म्हणावं. देव आहे तिथेच असतो. तो वर गेला तेव्हा गावाने आठवणीतलं पाणीही त्याच्यासोबत वर घेतलं होतं, आणि मी शहाण्यासारखा नव्या फरशीवर उभा राहून जुना पूर मोजला होता.

मावशींना हे माझ्या बरोबरीनेच उमगलं असावं. त्या जागेवरून उठल्या नाहीत. पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “म्हंजी देव वर गेला आन् आमी बुडालो.”

तसा मांडव हसला. पाहुणेही हसले, ते मी मुद्दाम पाहून घेतलं. मुलगा हसला नाही, पण कितीतरी दिवसांनी त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

सरपंच हसले नाहीत, कारण आता त्यांच्यापुढे धर्मसंकट होतं. दुरुस्ती मान्य करावी तर पूर छातीभर कमी होणार आणि त्याचं श्रेय माजी सरपंचांच्या चौथऱ्याला जाणार. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की शेजारच्या गावापेक्षा तरी मोठा राहील ना. मी म्हटलं, बघावं लागेल. चाचा पलीकडून म्हणाले की गादी लागली तर सांगा, पूर झोपवायचा असंल तर. पडदा शेवटी उघडलाच नाही. उपस्थितांचे आभार मानले गेले आणि सगळे जेवायला बसले.

मी घरी येऊन आकडा बदलला. छातीभर उंची वजा केली आणि पुन्हा पाणी ओतलं. ते शहाण्यासारखं ओढ्यात आलं, चार वावरांत पसरलं, देवळाच्या जुन्या जमिनीवर गुडघ्याइतकं चढलं आणि चौकाच्या तोंडाशी थांबलं. जिथे म्हातारे उभे होते, तिथे त्यांच्या चपला कोरड्या होत्या. म्हणजे पाण्याने खरोखरच तिथून रजा घेतली होती, फक्त पाया न पडता. शाळा, मशीद, गादीचं दुकान, ग्रामपंचायत, सगळं वर आलं. मावशींचं जोतंही वर आलं, पण वीतभरच.

ही वीत मला स्वस्थ बसू देईना. नकाशा म्हणजे काही देवाची ग्वाही नव्हे, आणि मागचा पूर म्हणजे पुढच्या पुराने घातलेली शपथ नव्हे. मी जोत्यापाशी जाऊन मावशींना सांगितलं की परवानगी मिळेल, पण माझं ऐका, आणखी दोन थर चढवा. तुमच्या वयाच्या माणसाला ते चढायला अवघड जाईल, पण चढवा.

त्यांनी जोत्याकडे पाहिलं, मग देवळाकडे. “आमालाबी देवावानी वर घेता का?” म्हणाल्या. “आन् शेंदूर?”

थर चढवले. ग्रामसेवकांनी नवा नकाशा पाहिला, पांढऱ्या जागेत बोट ठेवलं आणि कागद दिला. छापलेला मोठा फ्लेक्स वाया गेला असं मात्र म्हणता येणार नाही. बांधकामाच्या वेळी तो सिमेंटच्या गोण्यांवर होता, मान्यवर वरच्या बाजूला. भिंतीवरच्या चौकटीत आता नवा नकाशा आहे. पूर लहान झाल्यामुळे मधला पट्टा रिकामा दिसू लागला, म्हणून तिथे आणखी काही फोटो घातले आहेत. त्यांतला एक माजी सरपंचांचा आहे, कोपऱ्यातला का असेना.

दिवाळीच्या आत स्लॅब टाकून झाला. नारायणगावच्या स्थळाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. लग्न त्याच मांडवाच्या जागेत झालं आणि सरपंचांनी मंगलाष्टकांच्या आधी माइक घेऊन, हे पूररेषेबाहेर असलेलं तालुक्यातलं पहिलं शास्त्रशुद्ध घर आहे, असं सांगितलं. भटजींनी घड्याळ दाखवल्यावर ते थांबले. मला आहेरात टोपी मिळाली.

परवा त्या बाजूला गेलो होतो, म्हणून चहाला थांबलो. घर छान झालं आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत. सून हसरी आहे आणि सासूच्या बोलण्याला तिच्यापाशी उत्तर असतं, त्यामुळे दोघींचं बरं चाललेलं दिसलं. चहा ओसरीवर दिला. मी आत डोकावलो तर पुढच्या खोलीत, गुळगुळीत फरशीवर, पंख्याखाली मेंढ्या बसलेल्या. मी विचारलं, हे काय मावशी, माणसं कुठे झोपतात? त्या म्हणाल्या, गच्चीवर. मेंढरं बाहेर ठेवता येत नाहीत, बिबट्या ओढ्यातून येतो.